फवारणीच्या वहीत ठेवलेलं पत्र

मखमलाबाद, नाशिक
८ मार्च २०२६

ती. अप्पा आणि आई,
सा. न.

हे पत्र फवारणीच्या वहीत ठेवतेय, कारण शेवटचा माल निघेपर्यंत अप्पा ती वही रोज रात्री उघडणार आणि आई चष्मा शोधत शेजारी बसणार. एकट्या कुणाच्या हातात ते पडायला नको होतं.

जर्मनीची इंटर्नशिप मी घेतलीय. करारावर सहीही झालीय. १ जून ते २२ ऑगस्ट, म्हणजे ८३ दिवस. राखीच्या आत घरी. आधी विचारायला हवं होतं, मान्य आहे. पण ताईच्या वेळी ‘बघू, बघू’ करता करता काय झालं ते मी नव्यानं लिहायला नको.

तारखा मी आपल्या द्राक्षबागेकडं बघूनच मागून घेतल्यात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खरड छाटणी, म्हणजे नव्या काडीसाठीची छाटणी, धरली, तर फुटींची विरळणी आणि सबकेन, म्हणजे शेंडा खुडून काढलेली उपकाडी, मी असतानाच उरकतं. जूननंतर काडी पिकवायची आणि पान सांभाळायचं. फळासाठीच्या गोडी छाटणीला मी कात्री घेऊन हजर. तिकडं वेल वर्षातून एकदाच, हिवाळ्यात छाटतात. जूनमध्ये फुलोरा, सप्टेंबरच्या सुमाराला तोडणी. आपल्या बागेला माझी गरज कमी, नेमका तेव्हाच त्यांचा डावण्या, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग, भरात असतो.

गाव गाइझेनहाइम, ऱ्हाइन नदीच्या काठावर. तिथली द्राक्षाची शाळा १८७२ पासूनची, आता तिचं विद्यापीठ झालंय. काम साधं आहे: ठरलेल्या ओळींतली पानं दर आठवड्याला मोजायची, वरून तेलकट डाग आणि खालून पांढरी बुरशी किती ते लिहायचं, आणि पान किती तास ओलं राहिलं त्याच्याशी ते ताडून बघायचं.

अप्पा म्हणतील, डावण्या बघायला एवढ्या लांब कशाला, आपल्याकडं काय कमी आहे? हिशोबच करा. मोरचूद-चुन्याचं एक टक्का बोर्डो एकरी ४०० लिटर मारलं तर ४ किलो मोरचूद जातं. मोरचुदात तांबं जेमतेम पाव हिस्सा, म्हणजे एकरी किलोभर, हेक्टरी अडीच. युरोपात २०१९ पासून सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो तांबं, सरासरी वर्षाला ४, एवढीच मुभा. आपल्या दोन फवारण्यांतच त्यांचं वर्ष संपतं. तरी त्यांच्या सेंद्रिय बागा उभ्या आहेत. कशा, ते मला बघायचंय. आपला माल तिकडंच जातो ना? २०१० साली लिहोसिन या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशापायी नाशिकचे कंटेनर तिकडं कसे अडकले, ते या वहीच्या आधीच्या वहीत तुमच्याच अक्षरात आहे.

आता कागदपत्रं, म्हणजे रात्री जागायला नको. ९० दिवसांच्या आतला व्हिसा आहे. विद्यार्थ्याची चार सत्रं झालेली असावी लागतात, माझं सहावं चाललंय. तिथल्या रोजगार खात्याची संमती विद्यापीठानंच काढलीय. प्रवासाचा विमा किमान ३०,००० युरोचा लागतो आणि त्याच्या तारखा कराराशी जुळाव्या लागतात. घोटाळा होतो तो नावात. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर तुमचं नाव माझ्या नावाला चिकटलेलं, आणि जर्मनांनी मधलं नाव गाळलेलं. करार पासपोर्टप्रमाणे पुन्हा मागवून घेतलाय. एप्रिलमध्ये मुंबईला बोटांचे ठसे द्यायला पंचवटीनं जाईन, पंचवटीनंच परत. व्हिसाची फी ९० युरो, ती माझ्या शिष्यवृत्तीतून. कुणा एजंटाला एक रुपयाही दिलेला नाही. इंटर्नशिप देतो म्हणून पैसे मागणारा बहुतेक लबाडच असतो.

मिळणारे पैसे थोडे आहेत. अभ्यासक्रमातलीच इंटर्नशिप असली की त्यांच्या किमान वेतनाचा नियम लागत नाही. खोली आणि जेवण भागेल, उरणार काही नाही. आणि मी काही जगावेगळी नाही. माझी केमिस्ट्रीवाली मैत्रीण कॅनडाला चाललीय, मायटॅक्स या तिथल्या संस्थेच्या ग्लोबलिंक इंटर्नशिपमधून १२ आठवडे. तिचा अर्ज गेल्या वर्षीच गेलाय. आर्किटेक्चरची एक आधीच जाऊन, वजन वाढवून परत आलीय.

आई, तुझ्यासाठी. खोली होस्टेलवर, स्वयंपाकघर चौघींत. नळाचं पाणी पिता येतं. जूनमध्ये तिथं रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा ‘अंधारात एकटी फिरू नको’ हे वाक्य दोन महिने जपून ठेव. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारीच दूध-भाजी भरायची. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं. मी साडेपाचला बागेतून येईन तेव्हा तुमचे नऊ वाजलेले असतील. रोज नऊलाच फोन. त्याआधी लावून काळजी करत बसू नका.

बरोबर भाजणी, मेतकूट, कांदा-लसूण मसाला दे. तूप, पेढे, खवा अजिबात नको, दुधाचे पदार्थ तिथल्या विमानतळावर काढून घेतात. कढीपत्त्याची जुडीही नको. आणि अप्पा, येताना ‘एखादी काडी आण’ असं म्हणूच नका. वेलीची काडी परवान्याशिवाय आणता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. अमेरिकेतून आलेल्या अशाच रोपांबरोबर फायलोक्झेरा हा मुळं पोखरणारा किडा गेला आणि फ्रान्सच्या बागा बसल्या. आपण डॉगरिजच्या खुंटावर कलम करतो, पण मुळाला खुंट लावायचा शहाणपणा जगाला तिथूनच आला. मी माझे बूटसुद्धा घासून, माती काढूनच परत आणणार आहे.

आई, मला तू कॅरेटमध्ये बसवून बांधावर ठेवायचीस, आणि मी तुझी ओढणी ओढून घड मागायची. तुझं काम खोळंबायचं, पण एकदाही ओरडली नाहीस. ते आठवलं म्हणून हे सगळं एवढं लांबलं, नाहीतर दोन ओळींत झालं असतं.

आता ऐका. जूनच्या पावसात बोर्डो गणूवर सोडू नका, समोर उभं राहून करून घ्या. १०० लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. मोरचूद प्लास्टिकच्या ड्रममध्ये विरघळवायचं, पत्र्याच्या नाही. चुना वेगळा भिजवून गाळायचा. दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या ड्रममध्ये ओतत ढवळायचं. मग घासलेला विळा बुडवून बघायचा. तांबूस थर बसला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला, नाहीतर पान करपतं. कोवळ्या फुटीवर अर्धा टक्काच. केलेलं त्याच दिवशी संपवायचं. आणि अप्पा, मास्क गळ्यात नाही, नाकावर.

बीपीची गोळी सकाळी, चहाच्या आधी. आईच्या गुडघ्याचं बघायला १२ जूनची वेळ मीच घेऊन ठेवलीय, ताई येऊन नेईल. सिंहस्थाच्या खोदाईनं रस्त्यांचं काही खरं नाही, तेव्हा मोटारसायकलवर नको, रिक्षानं जा. पैसे वाचवले तर मला कळतंच.

खरड छाटणीचं पान मी आखून ठेवलंय: तारीख, औषध, एकरी प्रमाण, पाणी, पाऊस. पाऊस मिलिमीटरमध्ये लिहा, ‘बरा झाला’ असं नको. आल्यावर दोन्हीकडचे आकडे शेजारी मांडून बघायचेत.

तुमची,
मनी

ता. क. रागवायचं असेल तर उद्या सकाळी रागवा. मी दहापर्यंत घरीच आहे.