कळसूबाईला निघण्याआधी

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, आज मनात आलं आणि परवा पहाटे गाडी काढायची, हे मला फार आवडलं. फक्त एक लक्षात घ्या. महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटसारखी इथे गाडी वरपर्यंत जात नाही. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. गाडी बारी गावात लावायची आणि तिथून आठशे मीटरच्या वरचा चढ पायांनीच चढायचा.

कल्याणहून आमण्याला समृद्धीवर चढा, म्हणजे कसारा घाट टळेल. इगतपुरीला उतरून घोटी, आणि घोटीहून भंडारदऱ्याचा रस्ता. टायरची हवा घरून निघतानाच, टायर गार असताना बघा, स्टेपनीचीसुद्धा. हवा कमी असली की सिमेंटच्या रस्त्यावर सलग वेगात टायर तापतो आणि फुटतो. पेट्रोल घोटीतच भरून घ्या. सुटे पैसे जवळ ठेवा, पुढे नेटवर्कचा भरवसा नाही.

सव्वासहाला चालायला लागा. ही वाट जवळजवळ उघडी आहे, झाडांची सावली कमी. पूर्वेकडून चढतो म्हणून सकाळचं ऊन पाठीवर येतं आणि पहिले दोन तास ते जाणवत नाही. तहानही लागत नाही, म्हणून पाणी प्यायचं राहून जातं. मग दहाच्या सुमारास पोटऱ्यांत गोळे येतात. माणशी तीन लिटर पाणी घ्या आणि दर वीस मिनिटांनी चार घोट प्या, तहान नसली तरी. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवा. अर्ध्या पाण्यात दाट करून पिऊ नका. वरच्या अंगाला विहीर आहे, पण तिच्या भरवशावर जाऊ नका. बाबा, तुमच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल, तर त्या सकाळी ती कधी घ्यायची हे उद्याच डॉक्टरांना विचारा.

आई, सुरुवातीच्या टप्प्यातच देवीचं एक लहान मंदिर लागतं. ज्यांना वर जाणं होत नाही, ते तिथेच ओटी भरतात. तिथे गुडघा कुरकुरला तर तिथेच थांब, मनाला लावून घेऊ नकोस. कळसू केर काढणार नाही, भांडी घासणार नाही या अटीवर कामाला राहिली होती आणि ती कामं लादली तेव्हा निघून डोंगरावर गेली, असं तिथले लोक सांगतात. नको म्हणणाऱ्याला ती नक्की समजून घेईल.

वाटेत लोखंडी शिड्या आहेत. काठ्या मिटवून पाठपिशवीला बांधा, दोन्ही हात मोकळे हवेत. एका वेळी एकच हात किंवा एकच पाय उचलायचा, बाकी तीन टेकलेले. उतरताना तोंड शिडीकडेच. पाठ शिडीकडे करून उतरलं की टाच पायरीवर पुरती बसत नाही, शरीर पुढे झुकतं आणि सगळा भार कठड्यावरच्या एका हातावर येतो. समोरून माणसं येत असतील तर बाजूला उभं राहून वाट द्या. सकाळी दवाने लोखंड ओलं असतं, तेव्हा नुसत्या हातांनी धरा, लोकरीचे हातमोजे घसरतात. खाण्याची पिशवी हातात दिसली की माकडं ओढतात आणि शिडीवर तोल जातो, म्हणून डबा पाठीवर, आतच.

अकरा वाजता जिथे असाल तिथून परत फिरा, शिखर समोर दिसत असलं तरी. घोळ होतो तो उतरताना. चढताना दम लागतो आणि माणूस आपोआप थांबतो. उतरताना दम लागत नाही, पण प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणलेला राहून भार झेलतो. तो थकला की गुडघा लटपटतो आणि कातळावरच्या बारीक मुरमावर पाय सरकतो. म्हणून पावलं लहान, गुडघा किंचित वाकलेला आणि काठी चढापेक्षा चार बोटं लांब, आधी खाली टेकवून मग पाऊल. बुटांची नाडी घोट्यापाशी घट्ट बांधा, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. नखं आजच कापा.

वर पोचलात तर देवळाला प्रदक्षिणा घाला आणि वाऱ्यात घामेजलेले उभे राहू नका, आधी स्वेटर घाला. मग दक्षिणेला बघा. भंडारदऱ्याचं पाणी आणि त्याच्या पलीकडे रतनगड; पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग एका रांगेत.

त्याच संध्याकाळी परतीचा प्रवास मात्र नको. इतकं उतरल्यावर पाय थरथरतात आणि ब्रेक वेळेत दाबला जात नाही. भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावात मुक्काम करा, खोली उद्याच फोन करून सांगून ठेवा. कोमट पाण्यात पाय घाला, आणि नेटवर्क मिळालं की मला एक मिस्ड कॉल द्या, मी लगेच फोन करते.

तुमची,
मनू