नजर रोखू नका, हेही फलकावर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी रामटेकच्या गडावर पायऱ्या चढताना माझ्या सात वर्षांच्या नातवाने एका काळतोंड्या वानराला नजरेने हरवायचे ठरवले. हातात चण्याची पुडी होती, पण वानर पाहत होते ते पोराच्या तोंडाकडे. त्याच्या भुवया वर गेल्या, डोके पुढे आले आणि काय चालले आहे हे मला उमगेपर्यंत पोराच्या गालावर चापट बसलीही होती. ओरखडा उठला नाही, हे नशीब. शेजारच्या फुलवालीने सुनावले ते मात्र मला : "आजोबा, त्याच्या डोयात कायले पाहू देता जी? त्याले वाटते, भांडाले आला."

तिचे म्हणणे शास्त्रालाही धरून आहे. माकडांपासून गोरिलापर्यंत बहुतेकांत रोखून पाहणे हे आव्हान असते. रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात २००७ साली बोकितो नावाचा गोरिला खंदक ओलांडून बाहेर आला आणि त्याने एका महिलेला गंभीर जखमी केले. ती त्याला भेटायला नेहमी येत असे, त्याच्या नजरेला नजर देत असे आणि तो आपल्याकडे पाहून हसतो, अशी तिची समजूत होती. पुढे तिथल्या प्रेक्षकांना, पाहणाऱ्याचे डोळे दुसरीकडे वळल्याचे भासवणारे कागदी चष्मे वाटण्यात आले.

कुत्र्यांच्या बाबतीत आपला घोळ अधिक आहे. अंगावर आलेल्या कुत्र्याच्या डोळ्यांत डोळे घालून उभे राहा, तो शेपूट घालतो, असा संदेश आमच्या सकाळी फिरणाऱ्यांच्या गटावर दर पंधरवड्याला येतो. हा गैरसमज बहुधा घरच्या कुत्र्यावरून झाला असावा. जपानी संशोधकांनी २०१५ साली दाखवले की कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांकडे बराच वेळ पाहत राहिले, तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी निगडित संप्रेरक वाढते. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत तसे आढळले नाही. परंतु ही ओळखीची, निवलेली नजर आहे. गल्लीतल्या अनोळखी कुत्र्यावर डोळे वटारले, तर त्याचा अर्थ तो वटारण्याचाच घेणार. तिथे पळू नये, हात अंगालगत ठेवून मान किंचित वळवावी आणि सावकाश मागे सरावे, हेच बरे.

वाघाची गोष्ट वेगळी, हे आपल्या विदर्भात सांगायला हवेच, कारण तो पाठीमागून येतो. सुंदरबनात १९८०च्या दशकात मध आणि लाकूड गोळा करणाऱ्यांनी डोक्याच्या मागे मुखवटे बांधले, ते वाघाला माणसाचा चेहरा आपल्याकडेच वळलेला दिसावा म्हणून. त्यामुळे एकच नियम सगळ्या जनावरांना लावता येत नाही.

रामटेकला काय किंवा शहरातल्या बागांत काय, मी वाचलेल्या फलकांवर खाऊ घालू नका आणि पिशव्या सांभाळा, इतकेच असते. त्यात 'वानरांच्या डोळ्यांत रोखून पाहू नका' ही एक ओळ संबंधितांनी वाढवावी, आणि तो फलक मोठ्यांच्या डोक्यावर न टांगता तीन फुटांवर लावावा. पायरीवर बसलेल्या वानराच्या डोळ्यांसमोर येतात ते पोरांचेच डोळे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
धरमपेठ, नागपूर