किटलीवाल्या गाडीच्या तिघांस

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमची नावं मला ठाऊक नाहीत. आबांना, म्हणजे माझ्या आजोबांनाही, नव्हती. पत्ताही नाही, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहिते आहे. तुमच्यापैकी आता कुणी हयात असेल असं वाटत नाही, पण आभार राहून गेले होते ते राहून गेले होते, आणि परवा बांधावर जे घडलं त्यानंतर आणखी लांबवणं बरं दिसेना.

ओळख पटावी म्हणून खूण सांगते. 1944 सालचा ऑक्टोबर संपत आला होता. इटलीत साव्यो आणि रोंको या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात पाऊस कोसळत होता, नद्यांना पूर आले होते. दहाव्या हिंदी डिव्हिजनला रसद पोचवणारी एक तीन टनी लॉरी रात्री रस्ता सोडून द्राक्षमळ्यात उतरली आणि मडगार्डापर्यंत रुतली. लॉरीत आटा, डाळ आणि गूळ. चाकावर कराडजवळच्या एका खेड्यातला बावीस वर्षांचा पोरगा, रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरचा ड्रायव्हर. ते आमचे आबा.

ती लॉरी ओढून काढायला आलेल्या तुमच्या गाडीला आबा आयुष्यभर ‘किटलीवाली’ म्हणाले. आम्हा पोरांना वाटायचं, गाडीत चहाची किटली असणार. पुढे मी पॉलिटेक्निकात शिकवायला लागले, जुन्या अवजड गाड्यांची चित्रं बघता बघता एका चित्रापाशी थांबले. रेडिएटरच्या डोक्यावर पाण्याची एक टाकी, थेट किटलीसारखी, वाफ सोडणारी. स्कॅमेल पायोनियर. वॉटफर्डच्या कारखान्यातली, तीन आसांची, मागे क्रेन असलेली ब्रिटिश लष्कराची रिकव्हरी गाडी. घरी जाऊन आबांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि एवढंच म्हणाले, “हीच. लई सावकाश यायची.”

सावकाश यायचीच. गार्डनरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, 8.4 लिटरचं, आणि ताकद जेमतेम 102 अश्वशक्ती. आज त्याहून जास्त ताकद घेऊन लोक भाजी आणायला जातात. सहा गिअर असूनही सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटर गाठताना तिची दमछाक व्हायची. पण मागची चाकं अशा तुळयांवर बसवलेली की एक चाक खड्ड्यात नि शेजारचं दोन फूट वर असलं तरी चारही चाकं जमीन सोडत नसत. चिखलात घाईचा उपयोग नसतो, पकडीचा असतो, हे तिच्या आखणाऱ्याला नीट कळलेलं होतं. मी यंत्रांची माणूस आहे, त्यामुळे इथे थोडी रेंगाळले. तुम्ही समजून घ्याल.

आता त्या रात्रीचं. आबांच्या सांगण्यात तुमचे तीन भाग असत. एक तांबड्या मिशांचा, तो विंचवर, म्हणजे वायर गुंडाळत ओढणाऱ्या यंत्रावर. एक चाकावर, तो कधी खाली उतरला नाही. तिसरा अगदी पोरगेला, गुडघाभर चिखलात उभा राहून सगळ्यांवर ओरडणारा. आबांना इंग्रजीचे पाच-सात शब्द येत, तुम्हाला मराठी शून्य. तरी शिकवणी झाली.

आधी तुम्ही सरळ ओढून पाहिलं. लॉरी हलली नाही, तुमचीच गाडी मागच्या मागे घसरायला लागली. मग आबांनी पुढे होऊन हुक नीट बसवायचा प्रयत्न केला. वायर तशीच ताणलेली होती. तेवढ्यात त्या पोरगेल्यानं त्यांची कॉलर धरून त्यांना मागे खेचलं, ते उताणे चिखलात पडले, आणि हुक सुटून वायर सपकन त्यांच्या जागेवरून गेली. आबा सांगायचे, आवाज आधी आला की वायर आधी दिसली ते कळलंच नाही. त्या कॉलरबद्दल पहिले आभार. ते मानायचे त्यांचेच होते, पण चिखलातून उठताना त्यांच्या तोंडून आईवरची शिवी गेली. तुम्हाला ती समजली नसेल अशी आशा आहे.

त्यानंतर तांबड्या मिशांनी एक मोठी लोखंडी कप्पी काढली. लॉरीला कप्पी लावली, विंचची वायर तिच्यातून फिरवून परत आणली आणि टोक एका तुतीच्या झाडाला बांधलं. बुंध्याला आधी पोतं गुंडाळलं. तुमच्या गाडीच्या चाकांना उट्या लावल्या. लॉरीच्या चाकांपुढे फावड्यानं उतरते चर खणले. वायरवर ओलं ब्लँकेट टाकलं, म्हणजे तुटली तरी उडणार नाही. सगळ्यांना लांब पिटाळलं. आणि मग ती किटली इतकी हळू गुरगुरली की आबांना वाटलं इंजिन बंदच पडलं.

लॉरी निघाली.

हा प्रसंग मी दरवर्षी फळ्यावर मांडते. रुतलेल्या गाडीचा लष्करी हिशेब असा आहे: चाकं बुडाली तर गाडीच्या वजनाएवढी ओढ धरायची, मडगार्डापर्यंत गेली तर दुप्पट, केबिनपर्यंत गेली तर तिप्पट. भरलेली लॉरी सहा-साडेसहा टनांची, म्हणजे बारा-तेरा टनांची ओढ हवी. तुमच्या विंचची ताकद आठ टन. सरळ ओढून ती निघणं शक्यच नव्हतं. कप्पी लावल्यावर वायरच्या दोन्ही पदरांची ओढ लॉरीवर आली, घर्षण वजा जाऊनही पुरून उरली, आणि निम्मा भार तुतीनं घेतला. आबा चौथी शिकलेले. त्यांनी हे एका रात्रीत, पावसात, परभाषेत शिकून घेतलं. माझ्या वर्गात पंखा, प्रोजेक्टर आणि मराठी असून निम्मी मुलं खिडकीबाहेर बघत असतात.

परत आल्यावर आबांनी कोयना धरणाच्या कामावर गाडी चालवली. तिथल्या भंगारातून एक कप्पी आणली आणि गोठ्याच्या तुळईला टांगली. पुढची चाळीस वर्षं पंचक्रोशीत काही रुतलं की निरोप आमच्याकडे. बैलगाड्या, मळणीयंत्र, लग्नाच्या वऱ्हाडाचा टेम्पो, एकदा एसटी. एसटीच्या वेळी जवळ झाडच नव्हतं, तेव्हा त्यांनी बाभळीचा ओंडका आडवा पुरून त्याला वायर बांधली. जमलेल्यांत कुणी वायरजवळ गेलं की आबा त्याची कॉलर धरायचे. सरपंचांचीही धरली होती एकदा, त्यावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं.

यंदाच्या गाळपात आमच्याच शेतातून निघालेली उसाची ट्रॉली बांधाखाली फसली. अवेळी पाऊस झालेला. एक ट्रॅक्टर लावला, मग दोन लावले, दुसराही रुतला. चुलतभाऊ तिसरा बोलवायला निघाला होता. मी गोठ्यातून कप्पी काढली. गंज होता, पण चाक फिरत होतं. बांधावरच्या लिंबाला पोतं गुंडाळलं, चर खणले, ओलं गोणपाट टाकलं, आणि ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं, पहिल्या गिअरात, जेवताना घास चावतोस तसं. पाऊण तासात ट्रॉली डांबरीवर. ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, ताई, हे कुठं शिकलात? मी म्हणाले, इटलीत. तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करते.

इटलीतल्या लढाईची आमच्याकडे आठवण निघते ती दोन नावांनी. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडलेले यशवंत घाडगे आणि सेन्यो नदीवरचे नामदेव जाधव, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. 2023 साली मोंतोनेत घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते. त्याबद्दल तक्रार नाही. पण अशा रात्री शेकडो झाल्या असतील, आणि त्या सगळ्या रिकव्हरीवाल्यांच्या वाट्याला इतिहासाच्या पुस्तकांत कुठेतरी एखादी ओळ. तुमची रीमी, म्हणजे ब्रिटिश लष्कराची यंत्रं-गाड्या दुरुस्त करणारी कोअर, 1 ऑक्टोबर 1942 ला स्थापन झाली, इजिप्तमधल्या अलामेनची मोठी लढाई सुरू व्हायच्या जेमतेम तीन आठवडे आधी. म्हणजे मोडलेलं आणि रुतलेलं परत आणणं हे वेगळं, मोठं काम आहे हे लष्करालाही युद्ध तीन वर्षं चालल्यावर उमगलं. पुढच्याच वर्षी आमच्याकडेही तशी कोअर उभी राहिली, ती आजची ईएमई.

त्या रात्री निघताना आबांनी लॉरीतल्या गुळाचा एक खडा तुम्हाला दिला म्हणे. सरकारी रेशन होतं, त्याचा हिशेब त्यांनी कसा जुळवला ते कधी सांगितलं नाही. पोरगेल्यानं तो हुंगला, चाटला आणि अख्खा खिशात टाकला. बाकीच्या दोघांना मिळाला की नाही, याची आबांना शेवटपर्यंत रुखरुख होती.

कप्पीला ग्रीस भरून ती परत तुळईला टांगली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपल्या लॉरीवाल्याची नात

ता. क. तुम्ही त्या किटलीतलंच गरम पाणी काढून आबांना चहा पाजलात, असं ते शपथेवर सांगत. रेडिएटरच्या पाण्याचा चहा पिऊन माणूस शहात्तर वर्षं जगेल यावर माझा विश्वास नाही. पण ते म्हणत, चहाला लोखंडाची चव होती.