एक वर्ष जास्त शिकवलं म्हणून वहिनीला काहीच नाही?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

जुनी पेन्शन परत मिळावी म्हणून महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी या मार्च 2023 मध्ये केलेल्या संपावरचा तुमचा कालचा अग्रलेख वाचला, रात्रभर डोकं शांत झालं नाही. पंचनामे रखडले, सरकारी दवाखान्यात पेशंटचे हाल झाले हे खरंय आणि त्याचं वाईट वाटतंच. पण संपकऱ्यांना सरसकट आयतखाऊ ठरवण्याआधी जुनी पेन्शन बंद झाल्यावर, म्हणजे 1 नोव्हेंबर 2005 पासून नोकरीला लागलेल्या एखाद्याच्या घरी जाऊन विचारायचं होतं ना.

माझा भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होता. नोकरीत असतानाच अटॅकने गेला, मागे दोन लहान मुलं. जुन्या योजनेत असता तर वहिनीला फॅमिली पेन्शन लागली असती, हा नव्या योजनेतला म्हणून आजच्या नियमाने नाही. कुणीतरी सांगितलं 10 लाख सानुग्रह मिळतं, तर ते 10 वर्षं पूर्ण व्हायच्या आत गेलेल्यांनाच, आणि याची 11 झालेली. एक वर्ष जास्त शिकवलं म्हणून बायकापोरांना काहीच द्यायचं नाही, हा कुठला न्याय?

राहिला डीसीपीएसचा, म्हणजे नव्या पेन्शन योजनेत पगारातून कापून जमा झालेला पैसा. दर महिन्याला पगारातून 10 टक्के कापायचे पण हिशोबाच्या चिठ्ठ्या कित्येक वर्षांच्या मिळाल्याच नाहीत, ऑफिसात गेलं की साहेब मीटिंगला, जुन्या क्लार्कची बदली, नवा म्हणतो कपातीचं शेड्यूल सापडत नाही, उद्या या, आणि वहिनी पगारपत्रकांच्या झेरॉक्स पिशवीत घालून अजून फिरतीये. याच विषयावर मी मागे पत्र पाठवलं होतं, ते तुम्ही छापलं नाहीत. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींना मात्र पानंच्या पानं मिळतात, याचाही मला राग आहे.

तिजोरीवर बोजा पडतो म्हणे. मग माजी आमदारांना महिना 50 हजार पेन्शन चालू आहे त्याचा नाही पडत? त्यावर अग्रलेखात एक ओळसुद्धा नाही. काटकसर करायची तर वरून सुरू करा की. राजस्थान, छत्तीसगड, हिमाचलने जुनी पेन्शन परत द्यायचं ठरवलं, मग आपल्याकडेच एवढं अवघड काय आहे?

सरकारने समिती नेमली, करू देत अभ्यास. पण जे नोकरीत असताना गेले त्यांच्या बायकामुलांना फॅमिली पेन्शन द्यायला अभ्यास कशाला लागतो? तो जीआर आधी काढा, आणि तुम्हीही ही मागणी अग्रलेखात लावून धरा. हे पत्र तरी काटछाट न करता छापावं ही विनंती.

आपली,
एका मयत शिक्षकाची बहीण
(नाव छापू नये)