लिपेडिमात वजनकाट्यावर भिस्त नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रांच्या महिला पुरवण्यांत मांड्या व नितंबांवरील चरबी घटवण्याचे उपाय नेहमी छापून येतात. ते नेमाने पाळणाऱ्या काही स्त्रियांची कंबर उतरते, चेहराही बारीक होतो, पाय मात्र तसेच राहतात, आणि घरचे लोक ‘चोरून खात असशील’ असे म्हणून मोकळे होतात. अशांपैकी काहींना लिपेडिमा, म्हणजे पायांवर वेदनादायक चरबी साठण्याचा विकार, असू शकतो. मलाही तो आहे आणि सुरुवातीच्या टप्प्यातच त्याचे निदान झाल्यामुळे रोजच्या सवयींनी त्रास बराच आटोक्यात राहिला आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या ॲलन आणि हाइन्स या डॉक्टरांनी 1940 मध्ये या विकाराचे वर्णन केले, तरी अजूनही तो सरसकट लठ्ठपणातच मोजला जातो. तो जवळजवळ केवळ स्त्रियांना होतो. वयात येताना, गरोदरपणात किंवा पाळी जाण्याच्या सुमारास सुरू होतो अथवा वाढतो, आणि पुष्कळदा आईचे किंवा मावशीचे पायही तसेच असतात. चरबी दोन्ही पायांवर सारखी साठते व घोट्यापाशी थांबते, त्यामुळे पाऊल सडपातळच दिसते. पाय दाबले की दुखतात आणि किरकोळ धक्क्यानेही काळेनिळे डाग पडतात. आमच्या पूर्व विदर्भात जाड पाय दिसला की पहिली शंका हत्तीरोगाची येते, परंतु त्यात सूज बहुधा एका पायाला अधिक असते आणि पाऊलही सुजते. लिपेडिमाची खात्री देणारी रक्ततपासणी नाही. डॉक्टर पाय तपासून आणि हकिकत ऐकून निदान करतात, तर थायरॉइड, मूत्रपिंड व हृदयाच्या तपासण्या सुजेची अन्य कारणे वगळण्यासाठी असतात. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, गरम लागला, तर मात्र शिरेत गुठळी झालेली असू शकते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठले पाहिजे.

सवयींचा हेतू आधी नीट समजून घ्यावा. त्यांनी पाय बारीक होतीलच असे नाही. दुखणे व जडपणा कमी व्हावा, चालणे-फिरणे टिकावे आणि वजनाची भर पडून विकार बळावू नये, यासाठी त्या असतात. पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावले की शिरांतले रक्त वर ढकलले जाते, म्हणून एका जागी तासन्‌तास उभे राहणे किंवा पाय लोंबते ठेवून बसणे दोन्ही टाळावे. मी शिक्षिका आहे. दोन तासिकांच्या मध्ये चवड्यांवर उभे राहून टाचा वरखाली करणे मला जमते, आणि वर्गातली मुले आता त्याकडे पाहून हसतही नाहीत. पाण्यातला व्यायाम विशेष सोयीचा, कारण शरीराचा भार हलका होतो आणि पाण्याचा दाब खोलीनुसार वाढत असल्याने तो घोट्याशी सर्वांत जास्त, वर कमी होत जातो. पोहता येत नसले तरी छातीएवढ्या पाण्यात चालणे पुरते.

दाब देणारे मोजेही याच कामाचे. ते चरबी वितळवत नाहीत, पण दुखणे आणि संध्याकाळचा जडपणा कमी करतात. ते मापानुसार आणि डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत, कारण पायांच्या धमन्यांत अडथळा असल्यास ते घातक ठरू शकतात. सकाळी उठल्याबरोबर चढवले तर सोपे जाते. चंद्रपूरच्या मे महिन्यात मात्र ते दिवसभर घालणे ही शिक्षाच असते; अशा दिवसांत निदान उभ्याने करायच्या कामाच्या वेळी तरी घालावेत, असे माझे मत आहे. पाणी उतरवण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, कारण हा त्रास मुळात साचलेल्या पाण्याचा नाही आणि त्या गोळ्यांनी तो बरा होत नाही.

आहाराबद्दल जाहिराती पुष्कळ आणि पुरावा थोडा. नॉर्वेत झालेल्या आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कमी कर्बोदकांच्या आहारावर ठेवलेल्या स्त्रियांचे दुखणे कमी झाल्याचे आढळले, पण ती केवळ 8 आठवड्यांची होती. एवढ्यावरून भाकरी सोडण्याचे कारण मला दिसत नाही. साखर, मैदा व तळण कमी करून डाळी, उसळी, भाज्या आणि ताक वाढवले तरी वजन आवरता येते. आपल्याकडचे उपवास या कामी येत नाहीत, कारण साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर शेंगदाण्याचा लाडू म्हणजे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हेच खरे.

काही गोष्टी मात्र एकट्या बाईच्या हातात नसतात. साड्यांच्या दुकानांत काम करणाऱ्या मुली दिवसभर उभ्या असतात. केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दुकानांतील कामगारांना बसण्याची सोय देणे बंधनकारक केले; आपल्या व्यापारी संघटनांनी कायद्याची वाट न पाहता प्रत्येक काउंटरमागे एक स्टूल ठेवावे. नगरपालिका व महानगरपालिकांच्या जलतरण तलावांत नोकरदार स्त्रियांना जमेल अशी संध्याकाळची वेळ राखून, पोहता न येणाऱ्यांनाही उथळ भागात चालण्याची मुभा द्यावी. आणि आपल्या पुरवणीने वजन घटवण्याच्या पुढच्या लेखात या विकाराच्या खुणा चार ओळींत तरी छापाव्यात, ही विनंती.

आपली,
एक शिक्षिका, चंद्रपूर