अग्निवीर भरतीचे किमान वय अठरा करावे

महोदय,

जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत प्रवेशाचे किमान वय साडेसतरा वर्षे ठेवले आहे. उमेदवार अठरा वर्षांखालील असेल, तर नावनोंदणीच्या अर्जावर आई-वडिलांची किंवा पालकांची सही लागते. म्हणजे चार वर्षांच्या सेवेचे बंधन स्वतःच्या सहीने स्वीकारण्याइतका तो सज्ञान नाही, हे नियमच मान्य करतो. ही मर्यादा अठरा करावी, एवढ्यासाठीच हे पत्र.

सशस्त्र संघर्षातील बालकांच्या सहभागाविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या प्रोटोकॉलला भारताने 2005 मध्ये मान्यता दिली. त्या वेळच्या घोषणेत आपण भरतीचे किमान वय साडेसोळा सांगितले, मात्र अठरा पूर्ण झाल्याखेरीज जवानाला कारवाईच्या क्षेत्रात पाठवणार नाही, अशी हमीही दिली. ही हमी मोलाची आहे, आणि मुलांच्या हाती बंदुका देणाऱ्या टोळ्यांच्या पंक्तीला आपल्या सैन्याला बसवणे हा निव्वळ खोडसाळपणा ठरेल. पण साडेसतराव्या वर्षी दाखल झालेला मुलगा प्रशिक्षण संपेपर्यंत अठराचा होतोच आणि वरची मर्यादाही त्याहून बरीच पुढे आहे, तर सहा महिने आधी त्याला घेऊन सैन्याच्या पदरात नेमके काय पडते?

पुण्यात तळजाई टेकडीवर पहाटे भरतीच्या चाचणीसाठी सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारायला धडपडणारी मुले पाहिली की उलट बाजूही कळते. दहावी होताच तयारीला लागलेल्या मुलाच्या घरी सहा महिन्यांचा पगार ही लहान गोष्ट नसते. तरीही चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीरच कायम होतात. हा हिशेब ज्याचा त्याने सज्ञान होऊन मांडलेला बरा.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत साडेसोळाव्या वर्षीही प्रवेश मिळतो, हा दाखला येथे गैरलागू आहे, कारण तेथे तीन वर्षे पदवीचे शिक्षण चालते आणि सैन्याच्या शिक्षणसंस्थांना प्रोटोकॉलनेच वयाच्या अटीतून वगळले आहे. याउलट बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 83 नुसार बंडखोर गटाने अठरा वर्षांखालील मुलाला भरती केल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. गडचिरोलीत हे कलम ठणकावून सांगायचे, तर आपली स्वतःची मर्यादाही अठरा असलेली शोभेल.

दिलेली घोषणा अधिक कडक करण्याची मुभा प्रोटोकॉलने कोणत्याही वेळी दिली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना तसे कळवावे लागते. संरक्षण मंत्रालयाने भरतीच्या पुढील जाहिरातीपूर्वी वयाची अट बदलावी आणि परराष्ट्र मंत्रालयाने 2005 च्या घोषणेतील साडेसोळाच्या जागी अठरा कळवावेत.

– एक निवृत्त शिक्षक, पुणे