क्रमांकावरून दुखणे कळत नाही

संपादक महोदय,

शाळांच्या दर्जाचा विषय निघाला की ‘पिसा चाचणीत भारत शेवटून दुसरा’ हे वाक्य हटकून छापले जाते. (पिसा म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांची देशोदेशी होणारी वाचन, गणित व विज्ञानाची चाचणी.) २००९च्या त्या फेरीच्या विस्तारित टप्प्यात आपल्याकडून फक्त तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश होते. गणितात ७४ सहभागी देश-प्रदेशांत त्यांचा क्रमांक ७२ आणि ७३. महाराष्ट्रातले एकही मूल त्यात नव्हते. आणि त्या फेरीत पहिला आलेला ‘चीन’ म्हणजे एकटे शांघाय!

टक्केवारी मात्र जास्त बोचते. पिसात दुसरी पातळी, म्हणजे गणितात सुमारे ४२० गुण, ही किमान गरज मानतात: साध्या प्रसंगात कोणते गणित लावायचे हे कुणी न सांगता ओळखणे. तमिळनाडूत १५ आणि हिमाचलात १२ टक्के मुलेच तिथवर पोहोचली. २०२२ मध्ये सिंगापूरचे प्रमाण ९२ टक्के होते, ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतील देशांचे सरासरी ६९.

ही चाचणी नमुन्यादाखल निवडलेल्या मुलांची असते आणि प्रत्येकाला सगळे प्रश्न मिळत नाहीत, त्यामुळे सरासरी थोडी मागेपुढे धरावी लागते. २०२२ मध्ये एस्टोनियाला गणितात ५१०, स्वित्झर्लंडला ५०८. या दोन गुणांना अर्थ नाही, तरी यादीत एक वर, एक खाली. शिवाय मोजतात ती पंधरा वर्षांची, शाळेत असलेली मुले. यंत्रमागावर गेलेला मुलगा हिशेबातच येत नाही. त्याला शाळेत टिकवणाऱ्या गावाचीच सरासरी उलट घसरू शकते. टिम्स ही गणित-विज्ञानाची दुसरी आंतरराष्ट्रीय चाचणी वेगळी: चौथी-आठवीची, अभ्यासक्रमाला धरून. दोन्हींची मोजपट्टी ५००वर बेतलेली असल्याने आकडे सारखे दिसतात, पण एका तक्त्यात मांडू नयेत.

सोलापुरात अनेक घरांत तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलतात आणि मूल मराठी शाळेत असते. ते गणितात अडले की वाचनात, हे वर्गातच तपासता येते. आधी विचारा: ३६० रुपयांच्या चादरीवर १५ टक्के सूट, किंमत किती? (३०६.) मग: एका दुकानात हीच सूट, दुसऱ्यात त्याच किमतीच्या दोन चादरी घेतल्यास एक निम्म्या दरात, दोन हव्या असतील तर कुठे घ्याल? (६१२ की ५४०.) पहिले बरोबर आणि दुसरे चुकले, तर तोच प्रश्न घरच्या भाषेत सांगा. आता जमले तर अडचण भाषेची. तरीही अडले तर टक्केवारीचा आणखी सराव देऊन उपयोग नाही. कोणती क्रिया कुठे लावायची हे ठरवण्याची सवयच लागलेली नसते. तिथे फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवणे थांबवून मुलांना आधी फक्त मांडणी करायला लावावी, उत्तर नंतर.

— गणिताचे काही शिक्षक, सोलापूर